छऱ्याच्या बंदुकीची मासिके : एका हौशी नियतकालिक-परंपरेचा ऱ्हास

नियतकालिकांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी स्वाभाविकपणे वाङ्मयीन नियतकालिकांकडे वळते. ‘विविधज्ञानविस्तार’ किंवा ‘सत्यकथा’ यांच्याविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले, त्या मानाने शेती, यंत्रे, टपालतिकिटे, शिकार अशा विषयांना वाहिलेल्या मासिकांविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. ही मासिके ‘माहितीपर’ ठरवून बाजूला ठेवली जातात. वस्तुतः ही सीमारेषा वाटते तेवढी पक्की नाही. १९२० साली एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक घडले, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. हौशी मासिकांतही गद्याच्या काही रीती घडतात, वाचकवर्ग घडतो आणि क्वचित ज्ञानही घडते. ही मासिके क्षीण होतात तेव्हा त्यांतील नेमके काय नष्ट होते, याचा विचार करण्यासाठी ब्रिटनमधील हवेच्या बंदुकांची मासिके हे एक चांगले उदाहरण आहे. विषय इतका संकुचित की त्यात साहित्याच्या अभ्यासकाला काय सापडणार, असे वाटावे. परंतु या संकुचितपणामुळेच प्रक्रिया स्पष्ट दिसते.

हवेची बंदूक, म्हणजे आपल्याकडे जत्रेत फुगे फोडण्यासाठी मांडलेली छऱ्याची बंदूक, इंग्लंडमध्ये सामान्य घरांत पोहोचली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीजच्या रचनेवर आधारलेली रायफल बीएसए कंपनीने १९०५ च्या सुमारास बाजारात आणली. वेब्लीचे पहिले हवेचे पिस्तूल १९२४ चे. त्यांची रचना सोपी आहे. स्प्रिंग दाबून धरायची, चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि दाबलेली हवा छऱ्याला नळीबाहेर फेकते. कायद्यानेही या वस्तूला स्वतंत्र स्थान दिले. १९६८ चा शस्त्र कायदा आणि १९६९ चे नियम यांनी १२ फूट-पौंडांपर्यंत (सुमारे १६ जूल) ऊर्जेची रायफल आणि ६ फूट-पौंडांपर्यंतचे पिस्तूल परवान्यावाचून बाळगण्याची मुभा ठेवली. परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांचा समाज लहान व बहुधा ग्रामीण. परवान्याविना बंदूक घेणाऱ्यांचा मात्र मोठा, शहरी, आणि वयाने तरुण. या दुसऱ्या समाजाला स्वतःचे मासिक हवे होते. ‘एअरगन वर्ल्ड’ हे मासिक १९७७ मध्ये निघाले आणि १९८० च्या दशकात ‘एअर गनर’ त्याच्या जोडीला आले. वाङ्मयप्रकाराच्या जन्मामागे कायद्याची एक ओळ असू शकते, ही बाब तुलनाकारांनी नोंदवण्याजोगी आहे.

त्यापूर्वी या विषयावर ग्रंथ नव्हते असे नाही. वेस्ली यांचे पुस्तक १९५५ मध्ये, अमेरिकेत डब्ल्यू. एच. बी. स्मिथ यांचे १९५७ मध्ये आणि एल्डन वुल्फ यांचे मिलवॉकीच्या संग्रहालयाने काढलेले पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु ग्रंथ आणि मासिक यांतील भेद केवळ आकाराचा नाही. ग्रंथ बोलतो आणि थांबतो. मासिकाला पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच वाचकासमोर यावे लागते, आणि तो वाचक मधल्या काळात गप्प बसलेला नसतो.

या मासिकांचे अंतरंग पाहिले तर त्यात काही ठरीव रचनाबंध आढळतात. परीक्षण-लेख हा त्यातील सर्वांत परिणत प्रकार. लाकडी दस्त्याच्या रंगापासून आरंभ, मग चापाचा ताण, मग छऱ्याचा सेकंदाला फुटांत मोजलेला वेग, शेवटी ठरावीक अंतरावरून पाच छऱ्यांचा गट किती लहान पडला याचे मोजमाप. आकड्यांच्या या रूक्ष क्रमात १२ या संख्येची सावली सर्वत्र असते, कारण त्या मर्यादेपलीकडे गेलेली बंदूक वाचकाला गुन्हेगार ठरवू शकते. दुसरा प्रकार म्हणजे शिकारकथा: पहाटेचे शेत, ससे, खबुतरे, आणि फार जवळ जावे लागते म्हणून लागणारा संयम. हवेच्या बंदुकीचा पल्ला थोडा असल्याने या कथांत पराक्रमाला वाव नसतो, निरीक्षणाला असतो. जॉन डार्लिंग यांचे १९८८ चे हवेच्या रायफलीने करायच्या शिकारीवरील पुस्तक याच गद्याच्या मुशीतले आहे. तिसरा प्रकार अधिक दुर्लक्षित, तो म्हणजे छोट्या जाहिराती. चार-पाच ओळींत वस्तूचे नाव, वर्ष, दोष, किंमत. या ओळींइतके काटकसरीचे गद्य अन्यत्र मिळणे कठीण. आणि किमतींच्या इतिहासासाठी तेच एकमेव साधन ठरते.

ही परंपरा आणखी मागे नेता येते. ‘इंग्लिश मेकॅनिक’ (१८६५ ते १९२६) या साप्ताहिकाने वाचकाचे पत्र हेच मासिकाचे मुख्य अंग करून दाखवले होते. ‘मॉडेल इंजिनियर’ १८९८ मध्ये निघाले. केवळ खरेदी-विक्रीच्या जाहिरातींना वाहिलेले ‘एक्सचेंज अँड मार्ट’ १८६८ पासून चालू होते. वाचक, कारागीर आणि दुकानदार यांना एका पानावर आणण्याचे तंत्र तेव्हापासून तयार होते. विशेष म्हणजे या व्यवस्थेत वाचक व लेखक यांतील अंतर फार थोडे राहते. आज प्रश्न विचारणारा पाच वर्षांनी उत्तर देणारा होतो. १९८० मध्ये ससेक्समध्ये सुरू झालेल्या ‘फील्ड टार्गेट’ या नव्या खेळाची उपकरणे, निकाल आणि वाद याच पानांवर मांडले गेले.

परंतु या मासिकांचे सर्वांत मोलाचे कार्य संग्राहकांच्या क्षेत्रात झाले. बीएसएचा मूळ उद्योगसमूह १९७३ मध्ये कोसळला आणि बंदुकांची कंपनी १९८६ मध्ये स्पेनच्या गामो कंपनीकडे गेली. वेब्लीचा बर्मिंगहॅमचा कारखाना २००५ च्या डिसेंबरात बंद पडला. अशा स्थित्यंतरांत कारखान्याची दप्तरे अखंड राहत नाहीत. मग एखादी रायफल कोणत्या वर्षीची, हे ठरवायचे कसे? हौशी संग्राहकांनी आपापल्या बंदुकांवरील क्रमांक, शिक्के, दस्त्याची वळणे पत्रांतून कळवली. कोणी तर्क मांडला. तीन महिन्यांनी दुसऱ्याने त्याला छेद देणारा क्रमांक पुढे केला. संपादकाने दुरुस्ती छापली. डेनिस हिलर यांची १९८० च्या दशकारंभीची संग्राहक-मार्गदर्शके किंवा जॉन निब्स यांचे बीएसए व जेफ्रीज रायफलींवरील पुस्तक यांचा वाचकवर्ग या देवघेवीनेच तयार केला होता. पाठचिकित्सा करणारा संशोधक हस्तलिखितांच्या प्रती जमवून मूळ संहितेकडे जातो, त्याच पद्धतीने ही मंडळी वस्तूंकडे गेली. त्यांना त्या पद्धतीचे नाव ठाऊक नसावे, एवढेच.

या पद्धतीचे सामर्थ्य अमेरिकेतील एका प्रकरणात दिसते. लुईस आणि क्लार्क यांच्या १८०३ ते १८०६ च्या मोहिमेत एक हवेची बंदूक होती. लुईसच्या रोजनिशीतील ३० ऑगस्ट १८०३ च्या पहिल्याच नोंदीत तिचा उल्लेख येतो. ती फिलाडेल्फियाच्या आयझाया ल्यूकन्सने बनवलेली, एका वेळी एकच गोळी झाडणारी असावी, असे मत संग्राहकांच्या पत्रिकांतून दीर्घकाळ मांडले जात होते. १९९७ मध्ये थॉमस रॉडनी याची प्रवास-रोजनिशी छापली गेली आणि त्यात या बंदुकीचे एकदा भरून बावीस वेळा झाडता येणारी असे वर्णन सापडले. ते ल्यूकन्सच्या बंदुकीला लागू पडत नव्हते. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्यात आलेल्या गिरार्दोनीच्या बंदुकीला पडत होते. पुढील दशकात रॉबर्ट बीमन प्रभृती संग्राहकांनी हा पक्ष पुराव्यानिशी उभा केला आणि तो आता सामान्यतः स्वीकारला जातो. येथे महत्त्वाचे हे की जुने मत चूक ठरले, तरी ते कोणी, केव्हा, कोणत्या आधारावर मांडले हे छापील पानांवरून शोधता येते. चुकीलाही तारीख असते.

ऱ्हासाची मीमांसा करताना महाजालाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची प्रथा आहे. ती अर्धसत्य आहे. मासिक ही एकाच वेळी दुकानाची फळी, संपादकाचे टेबल आणि दप्तरखाना होती. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी व एकाच कारणाने गेल्या नाहीत. फळी प्रथम हलली. २००३ च्या कायद्याने स्वयंपूर्ण वायू-काडतुसांच्या बंदुका निषिद्ध केल्या आणि एक अख्खे संग्रहक्षेत्र बंद झाले. १ ऑक्टोबर २००७ पासून खरेदीदाराचे किमान वय १७ वरून १८ झाले व व्यापाऱ्याला हवेची बंदूक समोरासमोरच विकण्याचे बंधन आले; टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या पानभर जाहिरातींचा पायाच त्यामुळे खचला. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून साध्या हवेच्या बंदुकीलाही परवाना लागू लागला. ज्या कायदेशीर मोकळीकीने वाचकवर्ग निर्माण केला होता तीच आक्रसत गेली. (भारतात २०१६ च्या शस्त्रनियमांनी २० जूल ऊर्जा व ४.५ मिलिमीटर व्यासाची मर्यादा घातली. आपल्याकडे अंजली भागवत यांच्यासारख्या नेमबाजांमुळे एअर रायफल वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठावर आली खरी. पण क्रीडापृष्ठ निकाल छापते, स्प्रिंगची चर्चा करीत नाही.) छोट्या जाहिराती महाजालावर फुकट होऊ लागल्या, ‘एक्सचेंज अँड मार्ट’ची छापील आवृत्ती २००९ मध्ये थांबली. अमेरिकेत टॉम गेलॉर्ड यांचे, वर्गणीदारांसाठी निघणारे ‘एअरगन लेटर’ १९९४ ते २००२ एवढेच चालले. विक्रीची जागाही बदलली. १८४८ मध्ये युस्टन स्थानकावर पहिला पुस्तकांचा गाळा उघडणाऱ्या डब्ल्यू. एच. स्मिथचे नाव २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाजारपेठांतून उतरले. मासिक चाळून ठेवून देणारा आणि एखाद्या महिन्यात अवचित विकत घेणारा वाचक त्या गाळ्यांवर भेटत असे. तो वर्गणीच्या यादीत कधीच नव्हता.

संपादकाचे टेबल सर्वांत शेवटी आणि सर्वांत शांतपणे गेले. परीक्षण-लेखावर जाहिरातदाराचे दडपण असते, हा आक्षेप जुना आहे आणि बऱ्याच अंशी खराही आहे. या मासिकांत वाईट बंदूक क्वचितच सापडते. तरीही दुरुस्ती छापण्याची रीत होती. चित्रफितीत बोललेले वाक्य चुकले तर फीत काढून टाकता येते, आणि मग त्या चुकीवर उभे राहिलेले दहा तर्क निराधार लोंबकळत राहतात. जतनाच्या बाबतीत ब्रिटनची स्थिती तुलनेने बरी आहे: अनिवार्य प्रतदानाच्या कायद्यामुळे हौशी मासिकेही ब्रिटिश लायब्ररीत जातात, आणि २०१३ पासून महाजालावरील मजकूरही या तरतुदीत आला. ऑक्टोबर २०२३ मधील संगणकीय हल्ल्यानंतर मात्र हाच महाजाल-संग्रह वाचकांना दीर्घकाळ बंद राहिला. वर्गणीदारांपुरत्या निघणाऱ्या पत्रिकांचे भवितव्य तर एखाद्या वृद्ध संग्राहकाच्या कपाटावरच अवलंबून आहे, आणि अशी कपाटे रिकामी करणाऱ्या वारसांना बंदुकांची किंमत कळते, कागदांची नाही.

वायू-काडतुसांच्या ज्या बंदुका निषिद्ध झाल्या, त्यांच्या मालकांना ३० एप्रिल २००४ पर्यंत विशेष प्रमाणपत्र घेणे किंवा बंदूक स्वाधीन करणे भाग होते. अनेकांनी ती दिली. त्या कशा दिसत, कोणत्या वर्षी कोणत्या नळीसह विकल्या जात, पहिल्या खेपेत त्यांचे काय बिघडे, हे पाहायला आता १९८० आणि १९९० च्या दशकांतील त्या मासिकांची जाहिरातींची पाने उघडावी लागतात.