गोल भोकाची गोष्ट

महाळुंगे म्हटलं की आपल्यासारख्या आयटीवाल्यांना बालेवाडीपलीकडचं महाळुंगे आठवतं. मी म्हणतोय ते दुसरं, चाकणजवळचं. पल्सरवाल्या बजाजचा कारखाना आहे ते.

2001 साली आलेल्या पहिल्या पल्सर 150 च्या सिलिंडरचा व्यास 57 मिलिमीटर होता आणि स्ट्रोक 56.4. गणित करून बघा, 143.9 सीसी येतील (दीडशे नाहीत!). पण खरा प्रश्न वेगळाच आहे. धातूत असं भोक अगदी गोल करायचं कसं? जरा लंबगोल झालं की कॉम्प्रेशन गळतं, ऑइल जळतं.

जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन याच प्रश्नापाशी बरीच वर्षं अडलं होतं. तेव्हाच्या यंत्रात कापणारा बार एकाच टोकाला धरलेला असे, त्यामुळे ओतीव सिलिंडर वाकडा असेल तसा तोही वाकडा जाई. 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सनने बार सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. वॉटचा भागीदार बोल्टन याने 1776 मधे लिहून ठेवलंय की 50 इंची सिलिंडरमधे एका जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नव्हता.

मिलिंग मशीन नंतरचं. त्याचं टेबल सरळ रेषेतच सरकतं, डावं-उजवं, मागं-पुढं. मग गोल कसा काढणार? एक तर जॉब रोटरी टेबलवर बांधून फिरवा. नाहीतर स्पिंडलला बोरिंग हेड लावा, टूल किंचित बाहेर सरकवा, कापा, मोजा, पुन्हा सरकवा.

तिसरी वाट आपल्या जातकुळीतली. दोन सरळ हालचालींच्या बेरजेतून वक्र काढायचा. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या आकारासाठी जॉन पार्सन्सने 1940 च्या दशकाअखेरीस हा विचार पुढे नेला, आणि 1952 मधे एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. आज सीएनसीवर जी02 किंवा जी03 ची एक ओळ लिहिली की वर्तुळ तयार!

मग ऑपरेटरला काय उरलं, बटण दाबणं? असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पण थांबा. एका वर्तुळात दोन्ही अक्ष प्रत्येकी दोनदा उलटे फिरतात, म्हणजे चार जागा. स्क्रूमधे ढिलाई असेल तर नेमका तिथेच बारीक वण उठतो. प्रोग्रॅम बिनचूक, भोक मात्र चुकलेलं. 57 मिलिमीटरच्या एच7 भोकाला सूट असते फक्त 30 मायक्रॉनची, केसाच्या निम्म्याहून कमी.

म्हणून नेमकं भोक हवं असेल तर एंड मिलने थोडं कमी कापतात आणि शेवटचा हात बोरिंग बारने देतात. तेव्हा गोलाई प्रोग्रॅममधून येत नाही, फिरणाऱ्या स्पिंडलमधून येते. इंजिनच्या सिलिंडरला त्यावर होनिंगही लागतं. किती मटेरियल मागे ठेवायचं, बार किती थरथरेल, बोअर गेजवरचा आकडा जॉब गरम असताना धरायचा की निवल्यावर... हे त्या मशीनपाशी उभ्या माणसालाच ठरवावं लागतं.

असो. त्याच्या पगाराचा हिशोब करताना मात्र फक्त बटणच मोजलं जातं.