त्यागाचे वेतन आणि शहराचा खर्च: नाशिकच्या माध्यमिक शिक्षकाचा पगार

नाशिकच्या माध्यमिक शिक्षकाचा पगार आणि या शहरात संसार चालवण्याचा खर्च यांचे गणित गेल्या शंभर वर्षांत फार थोडा काळ जुळले, कारण पगाराचा आकडा बहुतेक वेळा नाशिकबाहेर ठरत आला, आधी पुण्यात घडलेल्या एका आदर्शाने आणि नंतर मुंबईच्या मंत्रालयाने. खर्च मात्र रविवार कारंज्यावरच्या बाजाराने, पंचवटीतल्या वाड्यांच्या मालकांनी आणि पुढे सातपूर-अंबडच्या कारखानदारीने ठरवला. या दोहोंमधली तूट दर पिढीत कोणीतरी भरून काढली, आणि ती कोणी भरली हे पाहिल्याशिवाय वेतनश्रेणीचे आकडे नुसते वाचून शिक्षकाची खरी स्थिती कळत नाही.

ज्या आदर्शाचा उल्लेख वर आला तो १८८० मध्ये पुण्यात निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचा आणि १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा. या संस्थेचे आजीव सदस्य, म्हणजे वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन देऊन तिचा कारभारही स्वतःच पाहणारे शिक्षक, दरमहा ७५ रुपयांच्या आसपासच्या वेतनावर राबत, आणि त्याच शिक्षणाच्या बळावर सरकारी नोकरीत किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट मिळकत त्यांना सहज झाली असती. त्यागाची ही कल्पना थोर होती यात शंका नाही. पण तिच्या पोटात पहिल्यापासून एक अवघड प्रश्न दडलेला होता, आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले त्यामागे तोच प्रश्न होता. सदस्यांनी सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची मिळकत करू नये आणि वेतनवाढीच्या मागे लागू नये, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकर-गोखले यांच्या बाजूला घरची गरज आणि बाहेरच्या सार्वजनिक कामाची मोकळीक यांचे वजन अधिक होते. हा वाद सहसा दोन थोर पुरुषांच्या स्वभावभेदाचा म्हणून सांगितला जातो, परंतु शिक्षकाच्या पगारातून त्याचे घर चालले पाहिजे की नाही, या प्रश्नावरचा तो महाराष्ट्रातला पहिला गंभीर वाद होता, आणि तो सुटला नाही.

गोखल्यांच्या स्मृतीसाठी १९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये नाशिकला महाविद्यालय काढले आणि हे शहर आपले मुख्य कार्यक्षेत्र केले, तेव्हा पुण्याचा हा आदर्श गोदावरीकाठी रुजला. त्याआधीच, १९१४ मध्ये, मराठा विद्या प्रसारक समाजाचे काम सुरू झाले होते, आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे व शाळा उभारणाऱ्या या चळवळीतही शिक्षकाने थोडक्यात भागवावे हे गृहीतच होते. शाळेचे उत्पन्न म्हणजे मुलांची फी, देणग्या आणि सरकारी अनुदान. हे अनुदान १८५४ च्या वुडच्या खलित्यातून आलेल्या पद्धतीनुसार मान्य खर्चाचा काही हिस्सा म्हणून संस्थेच्या हाती पडत असे, आणि तेही हप्त्याहप्त्याने. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी फी थकली की पगार थकला, आणि अनुदानाचा हप्ता लांबला की वाण्याची उधारी लांबली, असा क्रम असे.

तरीही त्या काळच्या शिक्षकाचे घर चालत होते, आणि त्याची दोन कारणे पगाराच्या बाहेरची होती. जुन्या नाशिकच्या वाड्यांत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या शिक्षकाला १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण मिळाले. या कायद्याने जुन्या बिऱ्हाडांची भाडी जवळजवळ गोठवली, आणि धान्य, कापड, रॉकेल यांचे भाव चढत असताना महिन्याच्या खर्चातली एक मोठी बाब वर्षानुवर्षे तिथल्या तिथे राहिली. दुसरे कारण गावाकडच्या शेतीचे. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या शेतकरी घरांतून आलेल्या शिक्षकाच्या स्वयंपाकघरात बाजरी-गहू आणि कांदा घरून येई, आणि सुगीनंतर एस.टी.च्या टपावर चढलेले ते पोते म्हणजे त्याच्या वेतनाचाच न नोंदलेला भाग होता. याला संध्याकाळच्या शिकवण्यांची जोड मिळे. म्हणजे त्यागाच्या आदर्शाची किंमत एकट्या शिक्षकाने दिली नाही. वाड्याच्या मालकाने, गावी राहिलेल्या भावाने आणि काटकसरीने संसार करणाऱ्या पत्नीने ती वाटून घेतली, आणि संस्थांच्या इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख फारसा येत नाही ही मोठी उणीव आहे.

स्वातंत्र्यानंतर शहर बदलले. नाशिकरोडला १९२० च्या दशकापासूनच सरकारी छापखाने होते आणि तिथल्या कामगारांचे वेतन केंद्र सरकारच्या नियमांनी ठरत असे. त्यात १९६० च्या दशकात ओझरचा विमान कारखाना आणि सातपूरची औद्योगिक वसाहत यांची भर पडली. कारखान्यातल्या कुशल कामगाराला बोनस, ओव्हरटाइम आणि दर काही वर्षांनी होणारा वेतन करार मिळू लागला, तर त्याच गल्लीत राहणाऱ्या, पदवी आणि बी.टी. किंवा बी.एड. झालेल्या शिक्षकाला कागदावरचा पगारही पूर्ण मिळेल याची खात्री नव्हती. सही एका रकमेवर आणि हातात दुसरीच रक्कम, ही खाजगी शाळांमधली रीत महाराष्ट्रभर ठाऊक होती. १९६६ च्या कोठारी आयोगाने सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि खाजगी शाळांतल्या शिक्षकांना समान वेतन असावे असे आग्रहाने सांगितले, त्याला अशा अनुभवांची पार्श्वभूमी होती.

त्या तत्त्वाला महाराष्ट्रात कायद्याचे रूप आले ते १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाने आणि त्याखालच्या १९८१ च्या नियमावलीने. या नियमावलीने वेतनश्रेणी, म्हणजे सुरुवातीचा पगार, दरवर्षीची वाढ आणि कमाल मर्यादा यांचा ठरलेला क्रम, सर्व मान्यताप्राप्त शाळांना बंधनकारक केली. दरम्यान १९७७ च्या डिसेंबरात राज्यातले सरकारी कर्मचारी आणि त्यांच्यासोबत शिक्षक केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून संपावर गेले आणि तो संप ५४ दिवस चालला. पुढे अनुदानित शाळांच्या शिक्षकांचे वेतन जिल्ह्याच्या वेतन पथकामार्फत, म्हणजे वेतनबिले तपासून रक्कम देणाऱ्या सरकारी कार्यालयामार्फत, थेट बँकेच्या खात्यात जमा होऊ लागले. शिक्षकाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा बदल कुठल्याही वेतन आयोगाने केला नाही असे म्हणता येईल, कारण पगाराचा आकडा आणि हातात येणारी रक्कम प्रथमच एक झाली. चौथ्या वेतन आयोगाच्या १४००-२६०० या श्रेणीवर आणि पतसंस्थेच्या कर्जावर सिडकोच्या नवीन नाशिकमधले छोटे घर हप्त्याने घेणे शिक्षकाच्या आवाक्यात आले, आणि वाड्यातून स्वतःच्या घरात जाणारी ही पहिली पिढी ठरली.

मात्र या व्यवस्थेत नाशिकच्या खर्चाला स्वतंत्र स्थान कुठेच नव्हते. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी देशातल्या ज्या केंद्रांवरून भाव गोळा केले जातात त्यांत नाशिक आहे. पण महागाई भत्ता ठरतो तो सर्व केंद्रांच्या सरासरीवरून, त्यामुळे नाशिकचा भाव देशाच्या भावात मिसळून जातो. शहर ओळखणारा मुख्य घटक उरतो, तो घरभाडे भत्ता, आणि तो शहराच्या वर्गवारीनुसार मूळ वेतनाच्या टक्केवारीत दिला जातो. सातव्या आयोगानुसार प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. ‘वाय’ वर्गात मोडणाऱ्या नाशिक शहरात त्यावर आरंभी लागू झालेला १६ टक्के घरभाडे भत्ता ६,१७६ रुपये होतो, तर पेठ किंवा सुरगाण्याच्या शिक्षकाला ८ टक्क्यांनी ३,०८८ रुपये. म्हणजे महानगरात राहण्याचा जादा भार राज्याने या शिक्षकापुरता मुख्यतः तीन हजार रुपयांच्या फरकात मोजला होता. हे दर पुढे वाढले, तरी शहर आणि तालुका यांतले दुपटीचे प्रमाण तेच राहिले.

खात्यात जमा झालेला पगारही नेहमी हाती येतोच असे नाही, हे नाशिक जिल्ह्याने नोटाबंदीनंतर पाहिले. २०१६ च्या नोव्हेंबरनंतर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक रोखटंचाईत सापडली आणि तिच्या शाखांतून पगार घेणाऱ्या शिक्षकांचे पैसे अडकले. खाती राष्ट्रीयीकृत बँकेत न्यावीत ही त्यांची मागणी तेव्हा रस्त्यावर आली.

याहून खोल फट पडली ती शिक्षकांच्या आपापसांत. २००० मध्ये माध्यमिक शाळांसाठी शिक्षण सेवक योजना आली, जिच्यात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी ठोक मानधनावर काम करावे लागते; २००१ नंतर कायम विनाअनुदानित शाळांचे धोरण आले, आणि १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नेमणुकांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही, ज्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा संप झाला. विधान परिषदेत नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघ असूनही हे तिन्ही निर्णय झाले. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन पुढे ८,००० आणि २०२३ पासून १८,००० रुपये झाले; शेवटचा आकडाही शेजारच्या वर्गावर तोच विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या केवळ मूळ वेतनाच्या निम्म्याहून कमी आहे. मानधन ठोक असल्यामुळे त्यावर महागाई भत्ता नाही आणि घरभाडे भत्ताही नाही. शिवाय सरकारच्या पवित्र पोर्टलवरून राज्यभर होणाऱ्या भरतीमुळे हा तरुण शिक्षण सेवक आता यवतमाळहून किंवा नांदेडहून नाशिकला येतो, जुन्या भाड्याचा वाडा किंवा जवळच्या गावातून येणारे धान्य त्याच्या वाट्याला नसते, आणि इंदिरानगर किंवा गंगापूर रोडला खोली शोधताना त्याला अनामत रक्कम मागितली जाते ती बाजारभावाने.