तैलवाळूतील बिट्युमेनचे निष्कर्षण

तैलवाळू म्हणजे बिट्युमेन या घट्ट, काळ्या हायड्रोकार्बनी पदार्थाने माखलेली वाळू. तीत तेल असले तरी नुसती विहीर खणून ते वर येत नाही. एकतर वाळूच उकरून धुवावी लागते, नाहीतर जमिनीखालीच बिट्युमेन तापवून वाहते करावे लागते. हे दोन्ही मार्ग मोठ्या प्रमाणावर कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात विकसित झाले. म्हणून पुढील वर्णन मुख्यतः तेथील अथाबास्का नदीच्या खोऱ्याला धरून केले आहे.

संज्ञा : मराठीत रस्त्यावर ओतल्या जाणाऱ्या काळ्या पदार्थाला सरसकट ‘डांबर’ म्हणतात. काटेकोरपणे पाहता डांबर हे दगडी कोळशाच्या किंवा लाकडाच्या भंजक ऊर्ध्वपातनातून मिळते, तर बिट्युमेन खनिज तेलाच्या कुळातले आहे. दोन्ही काळी व चिकट असली तरी त्यांची रासायनिक घडण वेगळी आहे. इंग्रजीतील ‘टार सँड’ हे जुने नाव अशाच सरमिसळीतून आले. उद्योग व सरकारी खाती आज ‘ऑइल सँड’ म्हणतात, तर खाणींचे विरोधक बहुधा जुनेच नाव वापरतात.

आढळ व घडण : अथाबास्का, कोल्ड लेक व पीस रिव्हर ही अल्बर्टातील तीन क्षेत्रे मिळून सु. १,४२,००० चौ. किमी. प्रदेश व्यापतात. सध्याच्या तंत्राने काढता येण्याजोगे बिट्युमेन १६० अब्ज बॅरलांहून अधिक असल्याचे मानले जाते. त्यापैकी सु. एक-पंचमांश उघड्या खाणीतून मिळू शकते, बाकीचे त्यासाठी फार खोल आहे. अथाबास्का क्षेत्रातील वाळू पूर्व क्रिटेशस काळात नद्यांनी व खाडीमुखांनी साचविली. तेल नंतर नैर्ऋत्येकडील खोल थरांतून सरकत तेथे आले आणि उथळ, थंड थरांत जिवाणूंनी त्यातील हलके घटक खाऊन टाकल्याने जड भाग मागे राहिला. ते कोणत्या उगमखडकांतून आले याविषयी एकमत नाही.

तैलवाळूत वजनाने सु. ८३ ते ८५ टक्के खनिज कण (बहुतांश क्वार्ट्‌झ), १० ते १२ टक्के बिट्युमेन व उरलेले पाणी असते. मात्र जागोजागी हे प्रमाण पुष्कळ बदलते. जागच्या तापमानाला या बिट्युमेनची श्यानता दहा लाख सेंटिपॉइजच्या घरात किंवा त्याहून जास्त असते. पाण्याची असते एक. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे सापडलेले तेल सुरुवातीला थरातल्या दाबाने वर आले. येथे तशी आशाच नाही.

तैलवाळूचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण वरवर दिसत नाही. अथाबास्काच्या वाळूत बिट्युमेन दाण्याला थेट चिकटलेले नसून दोहोंमध्ये पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, असे सामान्यतः मानले जाते. पाण्याने धुऊन बिट्युमेन सुटते ते यामुळेच. अमेरिकेतील यूटा राज्याच्या तैलवाळूत बिट्युमेन दाण्यालाच धरून बसलेले असते आणि म्हणून अल्बर्टाची पद्धत तेथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

इतिहास : क्री व डेने लोक हे बिट्युमेन स्प्रूस वृक्षाच्या डिंकात मिसळून होड्यांच्या सांधी बुजवीत. १७१९ मध्ये वा-पा-सू या क्री व्यापाऱ्याने त्याचा नमुना हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावर नेला व तेथील अधिकारी हेन्री केल्सी यांनी त्याची नोंद केली. १७७८ मध्ये फर-व्यापारी पीटर पाँड अथाबास्का खोऱ्यात पोहोचले. १९१३ पासून सिडनी एल्स यांनी सरकारी खाण विभागातर्फे पाहणी केली आणि १९१५ मध्ये एडमंटन शहरात तैलवाळू अंथरून रस्त्याचा एक तुकडा करून पाहिला. म्हणजे या वाळूचा पहिला आधुनिक उपयोग इंधन म्हणून नव्हे, रस्त्यासाठी योजला गेला.

निष्कर्षणाचा खरा पाया कार्ल क्लार्क (१८८८–१९६६) यांनी घातला. चिखलाने बंद पडणारे प्रेअरीतील कच्चे रस्ते कसे सुधारावेत, या प्रश्नातून ते तैलवाळूकडे वळले. १९२० मध्ये ते अल्बर्टा विद्यापीठात आले. सिडनी ब्लेअर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी विद्यापीठाच्या वीजघराच्या तळघरात, पुढे एडमंटनच्या रेल्वे आवारात आणि नंतर क्लिअरवॉटर नदीकाठी क्रमाने मोठी होत गेलेली संयंत्रे उभारली. गरम पाण्याने तेल सुटते, हे त्यांच्या आधीही ठाऊक होते. क्लार्क यांचे श्रेय असे की, एका वाळूला जमणारी कृती दुसरीला का जमत नाही, याचा त्यांनी चिकाटीने माग काढला आणि चिकणमाती, क्षार व हवेचे बुडबुडे यांचे महत्त्व ओळखले. तळघरातली कृती व हजारो टनांची खाण यांच्यातले अंतर तुटायला मात्र चाळीस वर्षे गेली. बिट्युमाउंट येथील रॉबर्ट फिट्झसिमन्स यांचा व फोर्ट मॅकमरीजवळील अबासँड हा मॅक्स बॉल यांचा असे दोन्ही खाजगी प्रयत्न टिकले नाहीत. अबासँडचे संयंत्र १९४१ मध्ये जळाले. १९५० च्या ब्लेअर अहवालाने हा धंदा परवडू शकेल असा निष्कर्ष काढला. १९५८ मध्ये तर भूगर्भात अणुस्फोट करून बिट्युमेन वितळविण्याची योजनाही गंभीरपणे विचारात होती. ती पुढे सोडून देण्यात आली. ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स ही पहिली मोठी खाण सप्टेंबर १९६७ मध्ये सुरू झाली. क्लार्क त्याआधी नऊ महिने, डिसेंबर १९६६ मध्ये वारले होते. दुसरी मोठी खाण, सिंक्रूड, १९७८ मध्ये सुरू झाली.

खनन : तैलवाळू सु. ७५ मी. पेक्षा कमी खोलीवर असेल तेथेच उघडी खाण काढतात. आधी वरची दलदल चर काढून निचरतात आणि हिवाळ्यात ती गोठली की उचलतात, कारण उन्हाळ्यात तिच्यावर यंत्र उभे राहत नाही. पहिल्या खाणींत चक्राकार बादल्यांची महाकाय उत्खनके, ड्रॅगलाइन व सरकपट्टे वापरत. उणे ४० अंश सेल्सिअसला गोठलेली वाळू दगडासारखी होई व क्वार्ट्‌झचे दाणे पोलादी दात घासून टाकीत. १९९० च्या दशकात त्यांची जागा फावडेयंत्रे व सु. ४०० टन माल वाहणारे ट्रक यांनी घेतली. एक बॅरल कृत्रिम कच्च्या तेलासाठी (बिट्युमेनवर पुढील संस्करण करून बनविलेल्या तेलासाठी) साधारण दोन टन तैलवाळू लागते.

गरम पाण्याची पद्धत : भरडलेली वाळू कोमट पाण्यात कालवून तिचा राळा नळातून काही किलोमीटर दूर नेतात. हा प्रवास केवळ वाहतुकीसाठी नसतो. नळात ढेकळे झिजतात, बिट्युमेनचा थर ताणून फाटतो व आक्रसून त्याचे थेंब होतात, आणि त्यांना हवेचे बुडबुडे चिकटतात. पूर्वी हेच काम फिरत्या पिंपांत सु. ८० अंश से. तापमानाला होई, आता ४० ते ५० अंश पुरतात आणि इंधनाची मोठी बचत होते. बिट्युमेनची घनता पाण्याच्या घनतेजवळच असल्याने ते आपणहून तरंगत नाही. त्याला वर नेतात ते बुडबुडेच.

पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घालतात. तो बिट्युमेनमधील नॅफ्थेनिक अम्लांशी संयोग पावून साबणासारखी द्रव्ये तयार करतो. म्हणजे तैलवाळू स्वतःला धुण्याचा साबण आपल्या पोटातच घेऊन येते. सोडा कमी पडला तर बिट्युमेन सुटत नाही, जास्त झाला तरीही नुकसान होते. पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जास्त असल्यास चिकणमातीचे कण थेंबांवर लेप धरतात आणि बुडबुडे चिकटेनासे होतात.

राळा शंक्वाकार बुडाच्या मोठ्या टाकीत सोडला की तीन थर पडतात : वर फेस, तळाला वाळू, मध्ये चिकणमातीचे गढूळ पाणी व त्यात अडकलेले थोडे बिट्युमेन. ते थोडे बिट्युमेन पुन्हा हवा सोडून तरंगवितात. फेसात साधारण ६० टक्के बिट्युमेन, ३० टक्के पाणी व १० टक्के घन कण असतात. तो नॅफ्थाने पातळ करून अपकेंद्री यंत्रांत किंवा तिरप्या पत्र्यांच्या निवळणीत स्वच्छ करतात. दुसऱ्या प्रकारात पॅराफिनी विद्रावक वापरतात. त्यामुळे अस्फाल्टीनांचा (बिट्युमेनमधील सर्वांत जड घटकांचा) काही भाग खाली बसतो व त्याच्याबरोबर पाणी व माती निघून जाते. माल जास्त स्वच्छ मिळतो, पण अस्फाल्टीन वाया जाते. चांगल्या प्रतीच्या वाळूतून ९० टक्क्यांहून अधिक बिट्युमेन हाती येते.

गाळतलाव : वाळू लगेच खाली बसते. चिकणमाती मात्र बसत नाही. ४४ मायक्रोमीटरहून बारीक कण काही वर्षांत वजनाने सु. ३० टक्के घनतेपर्यंत दाटतात आणि दह्यासारख्या त्या अवस्थेत दशकानुदशके राहतात. ही खाणमालकांची केवळ हयगय नव्हे. जो सोडा बिट्युमेन सुटे करतो, तोच चिकणमातीच्या कणांनाही एकमेकांपासून दूर ठेवतो. धुलाई जितकी चांगली, तितका गाळ हट्टी. निष्कर्षण व गाळ यांचे दोन स्वतंत्र प्रश्न मानणारी मांडणी म्हणूनच अपुरी आहे. गाळात जिप्सम किंवा बहुवारिके मिसळणे, तो अपकेंद्री यंत्रात पिळणे, पातळ थरांत सुकविणे, असे उपाय चालू आहेत. संपलेल्या एका खाणीत गाळावर पाणी सोडून २०१२ च्या अखेरीस बेस माइन लेक हे सरोवर करण्यात आले. त्याचे निरीक्षण चालू आहे. तलावातील पाण्यात राहिलेली नॅफ्थेनिक अम्ले माशांना विषारी असतात. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूडच्या एका तलावात उतरलेली सु. १,६०० बदके मेली व २०१० मध्ये कंपनीला सु. ३० लाख कॅनेडियन डॉलर भरावे लागले. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या फोर्ट चिपवायन येथील रहिवाशांनी आरोग्याविषयी दीर्घकाळ चिंता व्यक्त केली आहे. त्याविषयीच्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत.

जागच्या जागी निष्कर्षण : कोल्ड लेक येथे एकाच विहिरीतून काही आठवडे उच्च दाबाची वाफ सोडतात, ती मुरू देतात व मग त्याच विहिरीतून पातळ झालेले बिट्युमेन उपसतात. हे चक्र पुन्हा पुन्हा चालते.

अथाबास्का क्षेत्रात रॉजर बटलर यांची गुरुत्वनिचरा पद्धत चालते. तिची कल्पना त्यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुचली. एकमेकींवर सु. ५ मी. अंतराने दोन आडव्या विहिरी खणतात. वरचीतून सोडलेल्या वाफेची एक पोकळी थरात वाढत जाते. तिच्या कडेला वितळलेले बिट्युमेन व वाफेचे झालेले पाणी आपल्याच वजनाने ओघळून खालच्या विहिरीत उतरते. १९७४ मध्ये प्रांतिक सरकारने स्थापन केलेल्या ‘ऑस्ट्रा’ या संशोधन प्राधिकरणाने तिची कसोटी घेतली, तीही भुयारातून : तैलवाळूखालच्या चुनखडकात बोगदे खणून तेथून विहिरी वर नेल्या. नंतर भूपृष्ठावरूनच आडव्या विहिरी खणता येऊ लागल्या व २००१ पासून फॉस्टर क्रीक येथे व्यापारी उत्पादन सुरू झाले. या पद्धतीत गाळतलाव नसतो. पण एका बॅरलसाठी बहुधा दोन ते तीन बॅरल पाण्याची वाफ लागते व ती नैसर्गिक वायू जाळून केली जाते. वरचा आच्छादक खडक भक्कम असणे आवश्यक आहे. २००६ मध्ये जॉस्लिन येथे वाफ त्याला भेदून भूपृष्ठावर फुटली होती.

विद्रावकाची वाफ सोडणे आणि थरातच हवा सोडून बिट्युमेनचा काही भाग जाळणे, हेही प्रयोग झाले आहेत.

पुढील संस्करण : बिट्युमेन नळातून वाहण्यासाठी हलक्या हायड्रोकार्बनांनी पातळ करतात किंवा कोकन (तापवून जड रेणू तोडण्याची क्रिया) व हायड्रोजन-प्रक्रिया यांनी त्याचे कृत्रिम कच्चे तेल बनवितात. मूळ बिट्युमेनमध्ये ४ ते ५ टक्के गंधक असते. वेगळे काढलेले गंधक खाणींजवळ पिवळ्या ठोकळ्यांच्या राशी करून साठविले जाते.

इतर देश : व्हेनेझुएलाच्या ओरिनोको पट्ट्यातील थर जास्त उष्ण असल्याने तेथील अतिजड तेल वाफेशिवायही काही अंशी वाहते.