शर्करेच्या रेणूला शिंप्याची कात्री

भात आणि कापूस, दोन्हींचा मूळ घटक ग्लुकोजच. एक पचतो, दुसऱ्याचे वस्त्र होते. भेद आहे तो जोडणीचा आणि तिच्यातून घडणाऱ्या त्रिमितीय आकाराचा. हा आकार टिकवण्यात हायड्रोजन-बंधांचा मोठा वाटा असतो. मात्र रेणूच्या आतील एकेका बंधाचे बळ प्रयोगाने थेट मोजता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर एका निराळ्याच साधनातून मिळाले. रेणू मोठा होताच संगणकावरील गणनेचा भार झपाट्याने वाढतो. म्हणून पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ पद्धत मांडली: रेणूचे तुकडे बेतायचे, प्रत्येकाची गणना करायची आणि उत्तरे जोडायची.

२००८ मध्ये मिलिंद देशमुख, लिबेरो बार्टोलोटी व गद्रे यांनी हीच कात्री शर्करांवर चालवली. बंधाची एकेक बाजू वगळलेल्या तुकड्यांच्या ऊर्जांची बेरीज करून त्यातून सामाईक भाग वजा केला; अखंड रेणूच्या ऊर्जेशी उरलेला फरक म्हणजे त्या बंधाचे बळ. साखळीत गुंफलेले बंध परस्परांना बळकट करतात, हे त्यातून आकड्यांत दिसले.

पुढे देशमुख झाशीच्या दक्षिणेस, बुंदेलखंडातील सागर विद्यापीठात गेले. श्रम वाचवण्यासाठी घडवलेल्या साधनाने प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे मोजमाप शक्य केले, हे या इतिहासाचे सार होय.