माहूर

माहूर : नांदेड जिल्ह्यातील डोंगरी गाव, त्याच नावाच्या तालुक्याचे ठाणे व महाराष्ट्रातील प्राचीन तीर्थक्षेत्र. नांदेडच्या ईशान्येस, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर, पैनगंगेच्या वळणात सागवानी जंगलाने वेढलेल्या टेकड्यांवर ते वसले आहे. जुन्या ग्रंथांत त्याची मातापूर व माहुरी अशी नावे आढळतात. महानुभाव ग्रंथांत यालाच ‘सह्याद्री’ म्हटले आहे. पश्चिम किनाऱ्याला समांतर जाणारी त्याच नावाची पर्वतरांग येथून फार दूर आहे, हे ध्यानात न घेतल्यामुळे त्या ग्रंथांतील स्थळनिर्देशांविषयी वाचकाचा घोटाळा होण्याचा संभव असतो.

गावाभोवतीची प्रत्येक टेकडी कोणा ना कोणा दैवताची आहे. एका टेकडीवर रेणुकेचे मंदिर असून, महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत त्याची गणना होते. येथे देवीच्या पूर्ण मूर्तीऐवजी केवळ तिच्या शेंदूरचर्चित मुखाची पूजा होते. सहस्रार्जुनाकडून जमदग्नी मारला गेल्यावर परशुरामाने पित्याचा देह कावडीच्या एका पारड्यात व मातेला दुसऱ्यात बसवून कोरी भूमी शोधीत भ्रमण केले. दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून येथे अग्निसंस्कार झाला व रेणुका सती गेली. पुढे पुत्राच्या आर्त हाकेला ओ देऊन ती भूमीतून प्रकटली, परंतु त्याने वेळेपूर्वी मागे वळून पाहिल्यामुळे मुखच तेवढे वर आले, अशी कथा आहे. परशुरामाच्या बाणाने निर्माण झालेले म्हणून मातृतीर्थ दाखविले जाते. देवीला विड्याची पाने कुटून केलेल्या तांबुलाचा नैवेद्य असतो आणि तोच प्रसाद म्हणून घरोघर नेला जातो. दुसऱ्या शिखरावर दत्तात्रेयांचे स्थान असून तेथे दशनामी गोसाव्यांचा मठ आहे. जवळच अनसूयेचे शिखर आहे. काशीत स्नान, कोल्हापुरात भिक्षा व माहुरास निद्रा अशी दत्ताची दिनचर्या सांप्रदायिक समजुतीने सांगितली जाते. गावात सोनापीर याचा दर्गा असून त्याच्या दर्शनाला हिंदूही जातात.

या सर्वांपेक्षा निराळे आणि अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक लक्षणीय असे स्थान महानुभाव पंथीयांचे आहे. त्यांच्या पंचकृष्णांत द्वारकेचा श्रीकृष्ण, माहूरचे दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी ऊर्फ चांगदेव राऊळ, रिद्धपूरचे गोविंदप्रभू व प्रतिष्ठानचे चक्रधर यांचा समावेश होतो. मूळचे फलटणचे चांगदेव राऊळ माहुरास आले असता दत्तात्रेयांनी व्याघ्ररूपाने त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला व त्यांना शक्ती प्राप्त झाली, ही लीळा पंथाच्या गुरुपरंपरेचा आरंभबिंदूच होय. येथील देवदेवेश्वराचे मंदिर व मेरुवाळे तळे ही त्यांची पवित्र स्थाने आहेत. महानुभावांचा दत्त एकमुखी आहे. ब्रह्मा, विष्णू व महेश यांचे एकत्रित रूप असलेल्या त्रिमुखी दत्ताची कल्पना त्यांना मान्य नाही. एका परमेश्वरावाचून अन्य देवतांची उपासना त्यांच्या आचारधर्मात वर्ज्य असल्यामुळे निष्ठावंत महानुभाव रेणुकेच्या पायथ्याशी राहूनही तिची पूजा करीत नाही. एकाच दत्तासाठी एकाच डोंगरावर येणारे दोन यात्रेकरू अशा रीतीने वस्तुतः दोन भिन्न दैवतांना नमस्कार करून परततात.

तेराव्या शतकात चक्रधरांनी मराठी ही धर्मभाषा ठरविली. स्त्रिया व शूद्र यांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला आणि वर्णभेद नाकारला. लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हाइंभटांनी याच परंपरेत सिद्ध केला. सर्वांसाठी मराठीत सांगितलेले हे ज्ञान पुढे सांकेतिक लिप्यांत बंदिस्त व्हावे, हा इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास होय. या लिप्यांपैकी ‘सकळ’ सर्वांत प्रसिद्ध असून ‘सुंदरी’, ‘परिमंडळ’ इ. अन्य लिप्याही आहेत. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर योजले जाते. त्यामुळे संकेत ज्ञात नसलेल्यास मजकूर निरर्थक भासतो. ही लिपी चौदाव्या शतकात रवळोबास यांनी तयार केली, असे परंपरा मानते. हेच रवळोबास सह्याद्रिवर्णन या काव्याचे कर्ते होत. माहूर व तेथील दत्तात्रेय हा विषय असलेल्या या काव्याची गणना महानुभावांच्या ‘साती ग्रंथां’त होते. माहूरचे वर्णन करणारा कवी व पंथाच्या ग्रंथांना कुलूप घालणारा लिपिकार हे एकच, ही बाब योगायोगाची असली तरी बोलकी आहे.

धर्मग्रंथ केवळ दीक्षितांपुरता राखण्याची प्रथा जगात अन्यत्रही आढळते. लेबानन व सिरियातील डोंगराळ गावांतून राहणाऱ्या द्रूझ पंथाचा उदय अकराव्या शतकात फातिमी खलीफांच्या कैरोत झाला. त्यांच्या समाजात ‘उक्काल’ म्हणजे जाणते व ‘जुह्हाल’ म्हणजे अजाण असे दोन वर्ग असून धर्मग्रंथ जाणत्यांनाच खुले असतात. दोहोंतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. द्रूझांनी १०४३ नंतर नव्या अनुयायांना प्रवेश बंद केला. महानुभावांनी ग्रंथ झाकले तरी पंथाचे दार उघडे ठेवले. त्यामुळेच तो पंजाबात ‘जयकृष्णी’ या नावाने रुजला व काबूलपर्यंत पोहोचला. काबूल व पंजाबकडच्या मठांतून मराठी पोथ्या जपल्या जात, ही गोष्ट मराठी भाषेच्या इतिहासात आजही पुरेशी नोंदली गेलेली नाही.

या गोपनीयतेची फळे दुहेरी होती. अनधिकारी हातांत न गेल्यामुळे तेराव्या-चौदाव्या शतकांतील मराठी गद्य पुष्कळ अंशी मूळ रूपात टिकले. तथापि, जे वाचता येत नाही त्याविषयी संशय बळावतो, या न्यायाने पंथाविषयी अनेक अपसमज पसरले. ‘महानुभाव’ या आदरवाचक शब्दाचा ‘मानभाव’ हा अपभ्रंश झाला आणि ‘मानभावीपणा’ हा ढोंगी नम्रतेचा वाचक म्हणून मराठीत रूढ झाला. एका समाजाविषयीचा आकस भाषेच्या नित्य व्यवहारात मुरल्याचे हे ठळक उदाहरण आहे; आज हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचे मूळ ठाऊकही नसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी सांकेतिक लिप्यांचा उलगडा केला आणि पंथातील काही महंतांनीही आपल्या पोथ्या अभ्यासकांस दाखविल्या. त्यानंतर माहूरपासून जवळच असलेल्या यवतमाळचे य. खु. देशपांडे, तसेच ह. ना. नेने व वि. भि. कोलते यांच्या संशोधनामुळे हे वाङ्मय मराठी वाचकांस उपलब्ध झाले.

माहूरचा राजकीय इतिहास मुख्यतः त्याच्या किल्ल्याभोवती फिरतो. येथील पांडवलेणी या नावाने ओळखली जाणारी खोदीव लेणी राष्ट्रकूटकालीन असून वस्तीचे प्राचीनत्व दर्शवितात. किल्ल्याला रामगड असेही म्हणतात. तीन बाजूंनी पैनगंगेचे पात्र असल्याने तो स्वभावतःच दुर्गम आहे. हत्ती दरवाजा, महाकाली बुरूज इ. अवशेष आजही पाहावयास मिळतात. बहमनी सुलतान पहिला अहमदशाह याने १४२५ च्या सुमारास माहूर घेतले. महमूद गावान याने राज्याच्या चार प्रांतांचे आठ भाग केले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन विभाग झाले. गाविल फतहुल्ला इमादुल्मुल्ककडे व माहूर खुदावंदखान हबशीकडे देण्यात आले. पुढे बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर माहूर इमादशाहीत, १५७४ नंतर निजामशाहीत व सोळाव्या शतकाच्या अखेरीस मोगल अंमलात गेले. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून त्याची नोंद आहे.

मोगल काळात माहूरच्या उदाराम घराण्यास महत्त्व आले. जहांगीरविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेल्या शाहजादा खुर्रमने (पुढे शाहजहान) १६२३ मध्ये आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या स्वाधीन केले व तो गोवळकोंड्याच्या मुलखातून पूर्वेकडे निघून गेला. याच घराण्यातील सावित्रीबाई हिला ‘रायबागन’ (वाघीण) असा किताब होता. शायिस्ताखानाने १६६१ मध्ये कोकणात पाठविलेल्या कारतलबखानाबरोबर ती होती. उंबरखिंडीच्या अरण्यात शिवाजी महाराजांनी त्या सैन्याची कोंडी केली, तेव्हा लढण्याचा हट्ट सोडून शरण जाण्याचा सल्ला तिने खानास दिला आणि सैन्य वाचले, असे कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात वर्णिले आहे. तिचा उल्लेख बहुधा या एकाच प्रसंगापुरता केला जातो. परंतु सतराव्या शतकात एका स्त्रीने वतन सांभाळून सैन्याचे नेतृत्व करावे, ही घटना माहूरच्या इतिहासात एरवीही नोंद घेण्याजोगी आहे.

अठराव्या शतकात हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे आला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. पुसद, उमरखेड भागातील भाविकांना आपल्या कुलदेवतेच्या दर्शनासाठी नदी ओलांडून परमुलखात जावे लागे. तरीही यात्रा खंडित झाली नाही. निजामी अमदानीच्या उत्तरकाळात माहूर व किनवटचा परिसर आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे; सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी भाषक भाग नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आला. कालांतराने किनवटपासून वेगळा होऊन माहूर स्वतंत्र तालुका झाला.

आसमंतातील लोकवस्तीत गोंड, कोलाम, आंध व परधान या आदिवासी जमाती असून बंजाऱ्यांचे तांडे विखुरलेले आहेत. त्यामुळे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू व दखनी उर्दू या भाषा बाजारात ऐकू येतात. गावातील पुजारी, गोसावी, महानुभाव भिक्षू, दर्ग्याचे मुजावर व दुकानदार या सर्वांचा चरितार्थ बव्हंशी यात्रेकरूंवर अवलंबून आहे. शारदीय नवरात्र व मार्गशीर्षातील दत्तजयंती हे येथील मोठे उत्सव होत. श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास हजारो यात्रेकरू पावसात, चिखलातून व रानातून सर्व टेकड्यांना पायी परिक्रमा करतात. त्या वाटेवर रेणुका, दत्त, अनसूया व देवदेवेश्वर ही स्थाने एकापाठोपाठ एक लागतात.