स्क्रीन वाढली, अंगठा तेवढाच!

२००७ च्या पहिल्या आयफोनची स्क्रीन होती साडेतीन इंच. अंगठा सगळीकडे पोचायचा. २०११ मध्ये सॅमसंगचा ५.३ इंची गॅलेक्सी नोट आला, तेव्हा तो कानाला लावणाऱ्याची थट्टा व्हायची. तरी तो खपला, कारण फोनवर बोलण्यापेक्षा बघणं-वाचणं वाढत चाललं होतं. २०१४ मध्ये ॲपलनेही ५.५ इंची सिक्स प्लस काढला. पण होम बटणाला दोनदा हलकेच बोट लावलं की स्क्रीन खाली सरकते, अशी सोय त्यात द्यावी लागली. म्हणजे अडचण त्यांनाही ठाऊक होती!

आता गंमत ऐका. सिक्स प्लसची रुंदी ७७.८ मिलिमीटर. २०२३ चा फिफ्टीन प्रो मॅक्स ६.७ इंची, पण रुंदी ७६.७! कडा बारीक झाल्या, स्क्रीन उंच झाली. मुठीत मावते, पण अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही. लोकलमध्ये एका हाताने कडी धरली की हे लगेच कळतं. लहान हातांना सोयीचा आयफोन मिनी तर २०२२ च्या मालिकेत आलाच नाही.

माझं मत विचाराल तर मोठी स्क्रीन रोजच्या वापराला चालते. फक्त फोन घेताना नुसते इंच मोजू नका. दुकानातच एका हातात धरा आणि वरचा कोपरा गाठून बघा.