गोधडीच्या काठाची पट्टी का सरकते आणि ती धरून कशी ठेवायची?

घरातली एखादी जुनी गोधडी काढून बघा. मधला भाग बऱ्यापैकी शाबूत असतो, पण काठ विरलेला असतो. अंगावर ओढताना, झटकताना, वाळत घालताना हात पडतो तो काठावरच. म्हणून गोधडी किती वर्षं टिकणार, हे काठावर ठरतं. नवा काठ लावायला बसलं की मात्र पट्टी जागेवर राहत नाही. इकडून शिवत आणलं की तिकडे चुण्या पडतात आणि मागची घडी टाक्यातून निसटते.

सरकते का?

जळगाव-धुळ्याकडची गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, साड्यांचे थर. खानदेश हा कापसाचा मुलूख. जुने थर सुती असायचे. सुती कापड सुती कापडाला धरून राहतं आणि नखाने दाबलं तरी त्याची घडी बसते. आता घरातून निघणाऱ्या बहुतेक साड्या पॉलिएस्टरच्या. त्या एकमेकींवरून घसरतात आणि घडीही धरत नाहीत. त्यात शिलाई मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचा पाय वरचं कापड दाबून ठेवतो. थर जाड असले की वरची पट्टी हळूहळू मागे पडते आणि कोपऱ्याशी तिचा फुगा येतो. तुमचा हात वाईट आहे असं नाही.

हाताने शिवलेल्या अनेक गोधड्यांना वेगळी पट्टी नसतेच. बाहेरच्या साडीची कडा आत दुमडायची आणि तिथूनच धावदोरा सुरू करायचा. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ अशीच शिवतात. कडेपासून सुरुवात करून गोल गोल मध्याकडे जायचं. कडा आधीच पक्की होते, त्यामुळे ती धरून ठेवायचा प्रश्नच येत नाही. पूर्ण गोधडी हाताने शिवणार असाल तर आजही हीच रीत सोपी.

वेगळी पट्टी लावायची असेल तर

पट्टी साधारण ७ सेंटिमीटर रुंद कापा. काठ सरळ असेल तर सरळ पट्टी चालते, कोपरे गोल असतील तर उरेबच हवी. पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करा. तिच्या उघड्या कडा गोधडीच्या कडेला जुळवून पुढच्या बाजूने टीप मारा. मग घडी मागे वळवा. ती मागे दिसणाऱ्या टिपेच्या २-३ मिलिमीटर पुढे यायला हवी. खरी परीक्षा इथून पुढे.

टाचण्या सगळ्यांच्या घरी असतात. त्या काठाला आडव्या, डोकं बाहेर ठेवून, ८-१० सेंटिमीटरवर लावा. पण सहा-सात थरांत टाचणी वाकते आणि कापड उचलून धरते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. पातळ दुपट्याला टाचण्या ठीक, जाड गोधडीला नाहीत.

जाड काठाला चिमटे बरे. शिवणकामाचे छोटे प्लास्टिक चिमटे ऑनलाइन मिळतात, पण केसांच्या टिकटॅक पिनाही तेच काम करतात. पूर्ण काठाला लावायची गरज नाही. दहा-बारा पुरतात. शिवून झालेल्या भागातला काढायचा, पुढे लावायचा. मशीनवर पायाखाली जाण्याआधी काढायला विसरू नका.

सुती पट्टीला खळही चालते. मैद्याची पातळ खळ शिजवून, गार करून, घडीच्या आत बोटाने अगदी पुसट लावायची आणि वरून इस्त्री फिरवायची. जळगावच्या मे महिन्यात ती बघता बघता वाळते. पावसाळ्यात मात्र हा नाद करू नका, बुरशी धरते. शिवून झाल्यावर गोधडी लगेच धुवा, नाहीतर खळीच्या वासाने झुरळं येतात. शाळेच्या मुलांची धुतली जाणारी गोंदकांडीही चालते. लाकडाला लावायचा गोंद नको. तो कडक होतो आणि सुई चिकटते.

पॉलिएस्टर असेल तर सरळ कच्चा धावदोरा घाला. उठून दिसेल असा वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, २-३ सेंटिमीटरचे टाके घाला, कडेपासून थोडं आत. वेळ जातो, कंटाळाही येतो. पण घसरणाऱ्या कापडावर याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. मशीनच्या टिपेला आणि हाताच्या तुरपाईला, दोन्हीला हे चालतं. पक्की शिलाई झाली की कच्चा दोरा उसवून टाका.

कोपरा आला की घाई करू नका. आधी एका बाजूची पट्टी मागे वळवा, मग दुसरी तिच्यावर तिरकी घडी पाडून बसवा आणि तिथे दोन-चार टाके घालून मगच पुढे जा.

टाचण्या मोजा

लहान बाळाची गोधडी असेल तर हे टाळूच नका. सुरुवातीला किती टाचण्या आणि सुया काढल्या ते कागदावर लिहा आणि शेवटी तितक्याच परत डबीत आल्या का ते बघा. एक जरी कमी असेल तर गोधडी बाळाच्या अंगावर जाऊ देऊ नका. काठावरून चिमटीने दाबत फिरा, मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सावकाश फिरवा. पोलादी टाचणी थरात असली तरी ओढ जाणवते. पितळेची असेल तर चुंबकाला कळत नाही, ती बोटांनीच शोधावी लागते.